जुना माग भंगारात घालण्यापूर्वी

मालेगावात घर आणि कारखाना यांच्यामध्ये पुष्कळदा एकच भिंत असते. अलीकडे चूल, पलीकडे चार-सहा साधे माग. त्यांतले कित्येक गिरण्यांतून निघालेले, हातोहाती फिरत इथवर आलेले. बाजार बसला की भंगारवाला दारात उभा राहतो आणि किलोचा भाव सांगतो. ओतीव लोखंडाचे धूड वजनाला चांगले भरते, त्यामुळे मोह होतो. पण गेलेला माग त्या पैशांत परत येत नाही. म्हणून आमच्या छोट्या कारखानदार बांधवांशी देखभालीविषयी थोडे बोलणे आम्हाला आवश्यक वाटते.

आधी हिशेब पाहा. माग मिनिटाला दीडशेच्या आसपास धोटे मारतो. दर धोट्याला क्रँक शाफ्टचा एक फेरा, म्हणजे दहा तासांत नव्वद हजार फेरे. हा सारा भार ज्या बेअरिंगवर पडतो तिथे सुताचा भुसा आणि तेल मिळून काळा चिकटा बसतो. वरून नुसते तेल ओतत राहिले तर ते आत पोहोचत नाही, कापडावर मात्र उडते. आणि डागी मालाचा भाव व्यापारी कसा पाडतो हे वाचकांना सांगायला नको. शुक्रवारी माग बंद असतात. त्या दिवशी मेन स्विच काढून आधी चिकटा खरवडावा, मगच तेल द्यावे. भुसा आणि तेलकट चिंध्या शेडमध्ये साठवू नयेत. ठिणगीला भिंत आडवी येत नाही.

त्याच वेळी क्रँक शाफ्टखाली लाकडी दांडा घालून हलकेच उचलून पाहावे. शाफ्ट खट्कन हलला तर बुश झिजले असे समजावे. झिजलेल्या बुशामुळे फणीचा ठोका एकसारखा बसत नाही आणि कापडावर आडवे पट्टे दिसू लागतात. कारागिराला बोल लावण्याआधी ही तपासणी केलेली बरी.

धोटा उडणे हा प्रकार मात्र आम्ही सर्वांत गंभीर मानतो. त्याच्या टोकाला पोलादी टोपी असते. समोरच्या माणसाचा डोळा जाऊ शकतो. अनेकजण त्याला नशीब म्हणून सोडून देतात, हे आम्हाला मुळीच पटत नाही. कारण बहुतेक वेळा सापडते: पिकरचे भोक मोठे झालेले, धोटापेटी सैल पडलेली, फणी आणि पेटीची पाठ एका रेषेत नसलेली, किंवा ताण्याचा तुटलेला धागा मध्येच लोंबणारा. एक साधी सरळ पट्टी लावली की रेषेचा दोष लगेच कळतो. धोट्यासमोरची संरक्षक सळई अडचण होते म्हणून काढून ठेवलेली आम्ही पाहिली आहे. ती आजच परत बसवावी.

चौकटीला तडा गेला तर गल्लीतल्या वेल्डरकडे घाईने नेऊ नये. ओतीव लोखंड न तापवता साध्या सळीने जोडले तर जोडाशेजारी पुन्हा चिरते. पितळी जोड किंवा निकेलची सळी महाग पडते, पण टिकते. बेअरिंगच्या बैठकीलाच चीर असेल तर मात्र त्या मागावर पैसा घालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याचे दातेरी चाक, शाफ्ट, पेट्या काढून उरलेल्या मागांसाठी ठेवाव्यात आणि मगच सांगाडा विकावा.

केंद्र सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेल्या पॉवरटेक्स इंडिया योजनेत जुन्या साध्या मागांवर धागा तुटताच माग थांबवणारी यंत्रणा बसवण्यासाठी अनुदान होते. पण अनुदानाने झिजलेले बुश बदलत नाही. त्यासाठी जॉबर लागतो, आणि जाणते जॉबर म्हातारे होत चालले आहेत. त्यांचे ज्ञान कुठल्या वहीत नाही. जॉबर माग उघडतो तेव्हा घरातल्या एका तरुणाने शेजारी उभे राहावे, कोणता भाग कधी बदलला ते तारखेसह मागाजवळच्या भिंतीवर लिहावे आणि काढलेला जुना भाग फेकण्यापूर्वी जॉबरकडून त्याची झीज समजून घ्यावी.