तालमीच्या परिभाषेतील थर

महाराष्ट्रातील प्राचीन व्यायामविद्येविषयी लिहिताना दोन टोकांची विधाने नेहमी केली जातात. एका पक्षाच्या मते कुस्ती, मल्लखांब, लेझीम ही सारी विद्या अखंड संस्कृत परंपरेतून आली. दुसऱ्या पक्षास तालीम, वस्ताद, पेच हे शब्द दिसताच ती सारी मुसलमानी अमदानीची देणगी वाटते. दोन्ही पक्ष शब्दांचाच दाखला देतात. तेव्हा या दाखल्याची किंमत ठरविणे हे भाषाशास्त्राच्या अभ्यासकाचे काम ठरते.

प्रथम जुना थर पाहू. चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११३० च्या सुमारास रचिलेल्या 'मानसोल्लासा'त मल्लविनोदाचे प्रकरण आहे. (सोमेश्वराचे कल्याण म्हणजे बसवकल्याण, अंबरनाथ-उल्हासनगरच्या शेजारचे कल्याण नव्हे. विद्यार्थ्यांनी ही दोन कल्याणे एक करू नयेत.) मल्लांच्या श्रेणी व त्यांचा आहार सांगून ग्रंथकार त्यांच्या श्रमांची नावे देतो : भारश्रम, भ्रमणश्रम, सलिलश्रम, बाहुपेल्लणकश्रम आणि स्तंभश्रम. यांतील चौथे नाव विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. 'पेल्ल' हा धातू संस्कृत नव्हे, प्राकृत आहे. त्याचा अर्थ रेटणे, ढकलणे. आपले 'पेलणे' व हिंदीतील 'दंड पेलना' ही त्याचीच संतती. संस्कृतात ग्रंथ लिहावयास बसलेल्या राजानेही मल्लभूमीवरचा बोलीशब्द जसाच्या तसा उचलला, यावरून ही विद्या कोणाच्या मुखी नांदत होती ते उघड होते. त्याच ग्रंथातील श्रेष्ठ मल्लाचे 'ज्येष्ठिक' हे नाव मराठीत 'जेठी', कन्नडात 'जट्टी' असे उरले. मोढेऱ्याच्या ज्येष्ठीमल्लांचे 'मल्लपुराण' १९६४ साली बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. 'आखाडा' हा तर सरळ 'अक्षवाट' शब्दाचा वंशज होय.

स्तंभश्रम म्हणजेच आजचा मल्लखांब, असे मात्र घाईने म्हणू नये. मल्लखांबाच्या आजच्या स्वरूपाचे श्रेय दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील बाळंभटदादा देवधर यांना परंपरेने दिले जाते, आणि मध्ये सुमारे सात शतकांचे अंतर आहे. कल्पना जुनी असेल. पद्धती तीच होती असे त्यावरून सिद्ध होत नाही.

आता दुसरा थर. 'तालीम' हा अरबी शब्द. मूळ अर्थ शिक्षण. 'इल्म' व 'तालीम' एकाच धातूपासून झाले. आपल्याकडे त्याचा अर्थ संकोच पावून मल्लविद्येच्या शिक्षणापुरता राहिला, आणि पुढे क्रियेचे नाव स्थळास लागले. 'वस्ताद' हा फारसी 'उस्ताद'. तालमीतील मातीचा 'हौदा' अरबी 'हौद' शब्दाचा आप्त. हत्तीवरचा हौदा निराळा, तो 'हौदज' शब्दापासून आलेला. 'कुस्ती'ची कथा याहून रंजक आहे. फारसी 'कुश्ती' शब्दाचा संबंध व्युत्पत्तिकार पहलवीतील 'कुस्तीग', म्हणजे कमरपट्टा, या शब्दाशी जोडतात. पारशी समाजाची पवित्र 'कस्ती' हीही तीच. प्रतिस्पर्ध्याचा कमरपट्टा धरून झुंजणे हा मूळ अर्थ मराठीत पार विसरला गेला, कारण आपला मल्ल लंगोट लावतो, पट्टा बांधीत नाही. शब्द आला, पट्टा आला नाही. लेझमीची गोष्ट उलट आहे. तेथे लोखंडी साखळीचे व्यायामाचे धनुष्य हे साधन व त्याचे फारसी नाव ही दोन्ही आली. परंतु हलगीच्या ठेक्यावर मंडळाने नाचण्याचे रूप त्यास येथेच लाभले.

पट्टा धरण्याची रीत पाहावयाची असेल तर फार दूर जावे लागत नाही. फाळणीनंतर कल्याण छावणीत वसलेल्या आणि १९४९ मध्ये 'उल्हासनगर' हे नाव पावलेल्या वस्तीत सिंधी भाषा आली. तिच्यात पारंपरिक कुस्तीस 'मलाखडो' म्हणतात. मल्ल कमरेस पीळ घातलेले वस्त्र बांधतात व तेच धरून झुंजतात. म्हणजे रीत कमरपट्ट्याची, आणि नाव मात्र 'मल्ल' व 'आखाडा' यांचे! शब्दावरून वस्तूचे कुळ ठरविणाऱ्यांनी या एका उदाहरणाचा विचार अवश्य करावा.

पश्चिम आफ्रिकेतील सेनेगालचा दाखलाही उद्बोधक आहे. तेथील वोलोफ लोकांच्या कुस्तीस 'लांब' म्हणतात. ढोलांच्या साथीने मल्ल स्वतःची स्तुतिपद्ये म्हणतो. फ्रेंच राजवटीत कचेरीची भाषा बदलली, तरी हे नाव टिकले. आपल्याकडे 'मल्लयुद्ध' ग्रंथात राहिले आणि मैदानात 'कुस्ती' रुजली. मल्लांना पोसणारे दरबार व लष्कर यांची भाषा फारसीमिश्रित होती, हे त्याचे संभाव्य कारण.

विसाव्या शतकात भाषाशुद्धीच्या ओघात 'तालीम' जाऊन अनेक ठिकाणी 'व्यायामशाळा' आली. त्याविषयी तक्रार नाही. अधिक चिंता डावांच्या नावांची आहे. ढाक, मोळी, घिस्सा, एकलंगी, कलाजंग ही नावे मातीत वाढली. १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव याच मातीतून गेले. बडोद्याहून १९३६ पासून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादिलेल्या 'व्यायाम ज्ञानकोशा'च्या दहा खंडांत अशी पुष्कळ सामग्री साठविली आहे. परंतु कोशात डावाचे एक नाव व एक वर्णन येते. एकाच डावाची गावोगावची नावे, वस्ताद शिष्यास हाक देतो तेव्हाचे आज्ञार्थ, चुकीच्या पकडीस लावलेली दूषणे कोशात येत नाहीत. गादीवरच्या कुस्तीबरोबर गुणांची आंतरराष्ट्रीय परिभाषा आली असून ती वेगाने पसरत आहे. बदलापूर-अंबरनाथच्या खेड्यांतून वृद्ध वस्तादांच्या मुखातून ही शब्दसंपत्ती टिपून घेणे एका पदव्युत्तर प्रबंधाच्या आवाक्यातील काम आहे. प्रश्नावली करताना डावाचे नाव विचारू नये. डाव करून दाखविण्यास सांगावे आणि त्या वेळी तोंडून निघेल तो शब्द टिपावा.