टॉवर एकटा पडत नाही: आपत्ती इशाऱ्याचं सिम्युलेशन करताना

संशोधनाला सुरुवात केलीत की कुणीतरी तुम्हाला म्हणणारच, "याचं एक सिम्युलेशन करून बघ." कोड लिहायला फार वेळ लागत नाही, ग्राफही छान येतो. पण तो ग्राफ नक्की कशाचं उत्तर देतोय, हे कळायला मला बरेच महिने लागले. तुमचे ते महिने वाचावेत म्हणून हा लेख.

आधी प्रश्न समजून घेऊ. पूर किंवा चक्रीवादळ येतंय आणि लोकांपर्यंत इशारा पोचवायचाय. एक मार्ग क्लाउडचा. दूरच्या डेटा सेंटरमधून संदेश निघतो, फायबरने मोबाइल टॉवरपर्यंत येतो आणि तिथून फोनवर. दुसरा मार्ग विकेंद्रित. गावात ठिकठिकाणी लोरासारखे, कमी विजेवर चालणारे छोटे रेडिओ नोड बसवायचे. एक नोड शेजारच्याला सांगतो, तो पुढच्याला. मध्ये सर्व्हर नाहीच. यातलं संकटात जास्त टिकणारं कोणतं?

तुमच्या मनात आलं असेल, 'विकेंद्रित!' माझ्याही आलं होतं. कल्पना जुनीच आहे. रँड या संस्थेत काम करणाऱ्या पॉल बॅरन यांनी १९६४ मध्येच दाखवलं होतं की किमान गरजेच्या तीन-चार पट जोडण्या असलेलं विखुरलेलं जाळं खूप नुकसान सोसूनही चालू राहतं.

मी पायथनमध्ये नेटवर्कएक्स वापरून दोन्ही व्यवस्था मांडल्या. प्रत्येक टॉवर आणि प्रत्येक नोड बंद पडण्याची एक संभाव्यता ठरवली आणि संगणकाला चिठ्ठ्या उचलायला लावल्या. विकेंद्रित जाळं आरामात जिंकलं. मी खूश होऊन ग्राफ दाखवायला गेले. सरांनी एवढंच विचारलं, "चिपळूणला टॉवर असे चिठ्ठ्या टाकून पडले होते का?"

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूण शहरात शिरलं. वीज गेली, मोबाइल बंद पडले. इथे एक टॉवर, तिथे एक टॉवर असं झालं नाही. पाण्याखाली गेलेल्या भागातलं सगळं एकदमच गेलं. माझ्या मॉडेलमध्ये मात्र प्रत्येक टॉवर आपापल्या नशिबाने पडत होता.

फरक किती पडतो ते कागदावर करून बघा. समजा पाच टॉवर आहेत आणि प्रत्येक बंद पडण्याची शक्यता २०%. ते एकमेकांपासून स्वतंत्र असतील, तर पाचही बंद पडण्याची शक्यता ०.२ चा पाचवा घात, म्हणजे ०.०००३२. दहा हजारात साधारण तीन वेळा. आता तेच पाच टॉवर एकाच वीजवाहिनीवर आहेत, बॅटऱ्या संपल्या आहेत आणि वाहिनी बंद पडण्याची शक्यता २०% आहे असं धरा. पाचही जाण्याची शक्यता सरळ २०%, म्हणजे पाचात एकदा. टॉवर तेच आणि टक्केवारीही तीच, फक्त 'स्वतंत्र' हे गृहीतक काढलं.

तुम्ही म्हणाल, हे तर क्लाउडच्याच विरोधात गेलं. थांबा, विकेंद्रित जाळ्यालाही हाच नियम लावू. २० बाय २० चा चौकोनी ग्रिड घ्या, म्हणजे ४०० नोड. प्रत्येक नोड फक्त वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे बोलतो. यातले कुठलेही २० नोड, म्हणजे ५%, इकडचे-तिकडचे बंद करा. जाळ्याला फारसं कळणारही नाही. मोठ्या ग्रिडमध्ये असे विखुरलेले जवळजवळ ४१% नोड जाईपर्यंत एक मोठा जोडलेला तुकडा शिल्लक राहतो. पण तेच २० नोड मधल्या एका उभ्या ओळीत बंद करा. समजा ती ओळ म्हणजे नदीकाठ. जाळ्याचे सरळ दोन तुकडे! इशारा डाव्या काठावरून निघाला, तर उजव्या काठाला काहीच कळणार नाही. नुकसान फक्त ५%, आणि जवळपास अर्धा गाव अंधारात.

नोड सोलरवर आहेत म्हणून निर्धास्त राहायचं, तर कोकणातला जुलै आठवा. चार-चार दिवस ऊन नसतं. म्हणजे सोलर नोडसुद्धा एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत, सगळ्यांवर आभाळ एकच आहे. शिवाय प्रत्येक टप्प्यावर संदेश पोचण्याची शक्यता ९०% असेल, तर एकाच वाटेने दहा टप्प्यांनंतर ती ३५% उरते. प्रत्येक टप्प्यावर एकदा पुन्हा पाठवायची सोय केली की ९०% होते. असे बारकावे मॉडेलमध्ये आलेच पाहिजेत.

आणखी एक गोष्ट माझ्याकडून सुटली होती, ती म्हणजे वेळ. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आलं. हवामान खात्याचा इशारा त्याआधी आला होता, तेव्हा नेटवर्क चालू होतं. अशा वेळी टॉवरवरून सगळ्या फोनना एकदम जाणाऱ्या सेल ब्रॉडकास्टची बरोबरी दहा टप्पे घेत जाणारं जाळं करू शकत नाही. वादळानंतर विजेचे खांब आडवे झाले, कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. तेव्हा प्रश्न वेगळा होता: मदत कुठे आहे, कुठला रस्ता बंद आहे. सर्व्हर शाबूत असून उपयोग नाही, कारण तुटतो तो शेवटचा टप्पा. म्हणून 'आधी' आणि 'नंतर' या दोन वेगळ्या चाचण्या हव्यात. दोन्हींची एकच सरासरी काढलीत, तर ती कुठल्याच वेळेला लागू पडत नाही.

मग तुम्ही काय करायचं? कोड उघडण्याआधी कागदावर यादी करा: काय काय बंद पडू शकतं आणि कशामुळे एकत्र बंद पडेल. वीजवाहिनी, फायबर, सखल जमीन, ऊन. दोन्ही व्यवस्थांना तोच पूर द्या, नाहीतर तुलना फसवी होते. उत्तर आधीच माहीत असलेलं एखादं छोटं उदाहरण, जसं वरची उभी ओळ, चालवून कोड तपासा. पुरेशा वेळा चालवा. 'पोचला की नाही' एवढंच मोजत असाल आणि १०० वेळा चालवून ५०% आलं, तर खरा आकडा ४० ते ६० मध्ये कुठेही असू शकतो. १०,००० वेळा चालवलंत तर हा फरक एका टक्क्यावर येतो. आणि किती नोड वाचले ते मोजू नका, पाणी घरात शिरायच्या आत किती माणसांना कळलं ते मोजा.

माझ्या सुधारलेल्या मॉडेलमध्ये कोण जिंकलं? सरसकट कुणीच नाही. जाळ्याचा बाहेरच्या जगाशी जोडणारा नोड त्याच टॉवरवर आणि त्याच विजेवर टांगला, तर बाहेरून येणारा इशारा दोन्हीकडे एकाच वेळी थांबतो. तोच नोड उंचावर, वेगळ्या विजेवर ठेवला, तर दोन्ही व्यवस्था मिळून एकेकटीपेक्षा चांगल्या चालतात. वाक्य पहिल्या ग्राफइतकं झोकदार नाही, मान्य. पण तो पहिला ग्राफ बघून एखाद्या ग्रामपंचायतीने नोड विकत घेतले असते, तर उजव्या काठावरच्या लोकांना इशारा मिळालाच नसता, आणि माझ्या कोडमध्ये एकही चूक सापडली नसती. चूक कोडमध्ये नव्हती, गृहीतकात होती.

तेव्हा तुमचा पहिला सुंदर ग्राफ आला की थोडं थांबा आणि स्वतःला विचारा: खऱ्या जगात हे असंच बंद पडतं का?