३७ सेकंदांत ५० मीटर

वडगाव रासाई हे शिरूर तालुक्यातले भीमेकाठचे गाव. नदी ओलांडली की दौंड तालुका लागतो. अशा नदीकाठच्या गावात राहणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांना पोहता येत असेल. (येत नसेल तर जरूर शिका, पण जाणत्या माणसाला बरोबर घेऊनच!) पुढच्या वेळी एक प्रयोग करून पाहा. कमरेइतक्या संथ पाण्यात, पाय अजिबात न हलवता, केवळ हातांनी पोहा. थोडे अंतर जाताच पाय खाली जाऊ लागतील आणि तुम्हाला दम लागेल.

असे का होते? आपल्या छातीत हवेने भरलेली फुफ्फुसे असतात, म्हणून शरीराचा वरचा भाग सहज तरंगतो. पायांत मात्र हाडे आणि स्नायूच अधिक. ते बुडू लागले की शरीर तिरपे होते, समोरच्या पाण्याला अधिक अडते आणि पाण्याचा रोध वाढतो. हा रोध मोठा लबाड आहे. वेग दुप्पट करू म्हटले तर तो सुमारे चौपट होतो! हात पुढे मारून पोहताना पुढे ढकलण्याचे बरेचसे काम हातच करतात. पण शरीर आडवे राखण्याचे काम पायांचे असते.

आता अशा माणसाचा विचार करा, ज्याचे पाय हलूच शकत नाहीत. सांगली जिल्ह्यातील पेठ गावचे मुरलीकांत पेटकर हे लष्करात होते, चांगले मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या भारत-पाक युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि पायांतली शक्ती गेली. उपचार म्हणून त्यांना पोहण्याचा सल्ला मिळाला. जमिनीवर जे शरीर उचलवत नाही, त्याचा बहुतेक भार पाणी आपल्या उत्प्लावक बलाने पेलते, हे तुम्ही आर्किमिडीजच्या धड्यात शिकलाच आहात.

१९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पॅरालिम्पिक स्पर्धा झाल्या. तेथे पेटकरांनी ५० मीटर अंतर ३७.३३ सेकंदांत पोहून जागतिक विक्रमासह सुवर्णपदक मिळवले. भागाकार करून पाहा: सेकंदाला सुमारे १.३४ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ पावणेपाच किलोमीटर. आपण रस्त्याने झपझप चालतो त्या वेगाने हा माणूस केवळ हातांच्या बळावर पाणी कापत गेला! ऑलिंपिक आणि पॅरालिम्पिक दोन्ही धरून, भारतीयाने मिळवलेले हे पहिले वैयक्तिक सुवर्णपदक. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१८ साली, तब्बल ४६ वर्षांनी. हा उशीर मनाला लागतो.

या स्पर्धांचे मूळही रुग्णालयातच आहे. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन हे मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांवर उपचार करीत. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, त्यांनी चाकाच्या खुर्चीतील १६ जणांची धनुर्विद्येची स्पर्धा भरवली. १९६० मध्ये रोमला २३ देशांचे सुमारे ४०० खेळाडू जमले.

पण एक प्रश्न तुमच्या मनात आला असेल. एकाचा हात अधू, दुसऱ्याचे पाय, तिसऱ्याला दिसत नाही. मग शर्यत न्याय्य कशी व्हायची? त्यासाठी खेळाडूंचे गट पाडतात. पेटकरांच्या काळी मज्जारज्जूला इजा कोठे झाली, यावर गट ठरे. आता प्रत्यक्षात काय करता येते ते पाहतात. पोहण्यात शारीरिक अपंगत्वाचे १ ते १० गट आहेत. आकडा लहान तितकी अडचण मोठी. स्नायूंची ताकद, सांध्यांची हालचाल तपासतात आणि खेळाडूला पाण्यातही उतरवून पाहतात.

ही मोजदाद सोपी नाही. २०२१ मध्ये टोकियोत विनोदकुमार यांनी थाळीफेकीत कांस्यपदक मिळवले, पण ते त्या गटात बसत नाहीत असे ठरले आणि पदक गेले. शरीर काही फूटपट्टीच्या रेघांप्रमाणे विभागलेले नसते. रेघ कोठेही ओढली तरी तिच्या अलीकडचा आणि पलीकडचा खेळाडू जवळजवळ सारखेच असतात.

गट बरोबर जुळला म्हणजे चुरस किती होते, पाहा. आटपाडी तालुक्यातील करगणीचे सचिन खिलारी लहानपणीच्या अपघाताने डावा हात अधू झालेले. २०२४ च्या पॅरिस स्पर्धेत त्यांनी एफ ४६ या गटात १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक मिळवले. सुवर्णपदक गेले १६.३८ मीटरला. फरक अवघा ६ सेंटिमीटर!

गोळा तर उजव्या हातानेच फेकायचा, मग डाव्याचे काय अडते, असे वाटेल. मैदानात एक हलका चेंडू घ्या. आधी नेहमीसारखा फेका. मग डावा हात उपरण्याने अंगाशी बांधून, जागेवरूनच, पुन्हा फेका. प्रत्येकी पाच वेळा फेकून टेपने अंतर मोजा, सरासरी काढा आणि दुसऱ्या वेळी खांदा वळताना तोल कोणत्या बाजूला जातो, तेही वहीत लिहून ठेवा.