चित्र दिसते, पण आवाज येत नाही

शाळेतील लिनक्स संगणक दूरदर्शन संचास जोडला असता पडद्यावर चित्र उमटते, परंतु आवाज संचातून येत नाही, असा अनुभव पुष्कळ शिक्षकांस येतो. मुले खोळंबतात, आणि यंत्र बिघडले असे समजून पाठ सोडून दिला जातो. बहुधा यंत्र बिघडलेले नसते. एचडीएमआय तारेतून चित्र व आवाज दोन्ही जातात. मात्र आवाज कोणत्या वाटेने धाडावा, हे संगणकास कित्येकदा निराळे सांगावे लागते.

प्रथम संचाचाच आवाज वाढवून पाहावा. (हे सांगणे क्षुल्लक वाटेल, पण चूक येथेच अनेकदा सापडते.) नंतर ‘सेटिंग्ज’मधील ‘साउंड’ उघडून ‘आउटपुट’पुढे एचडीएमआय निवडावे. ते नाव यादीत नसेल, तर संच चालू ठेवून तार पुन्हा घट्ट बसवावी. संच बंद असता ते नाव पुष्कळदा दिसतच नाही. तरीही आवाज न आल्यास ‘टर्मिनल’मध्ये ‘अल्सामिक्सर’ ही आज्ञा द्यावी व ‘एफ ६’ कळीने साउंड कार्ड निवडावे. ‘एस/पीडीआयएफ’ स्तंभाखाली ‘एमएम’ अशी अक्षरे असल्यास तो मार्ग मुका केलेला आहे असे समजून, बाणाच्या कळीने तेथे जाऊन ‘एम’ कळ दाबावी.

जुन्या प्रोजेक्टरास व्हीजीए तार असेल, तर हा खटाटोप करू नये. त्या तारेतून आवाज जातच नाही; त्यासाठी स्पीकर वेगळा जोडावा लागतो.