सभाभय : दमन की रूपांतर?

व्यासपीठावर जाण्यापूर्वी होणारी छातीतील धडधड हे दुर्बलतेचे लक्षण नसून ॲड्रेनॅलिन या संप्रेरकाचा स्वाभाविक परिणाम होय. भीती व उत्सुकता या दोन्ही अवस्थांत शरीर बहुतांशी सारखेच उद्दीपित होते. भेद पडतो तो आपण लावलेल्या अर्थामुळे. हार्वर्डमधील ॲलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात भाषणापूर्वी ‘मी उत्सुक आहे’ असे म्हणणारे, ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा अधिक वेळ व अधिक प्रभावीपणे बोलले. म्हणूनच चर्चासत्रात प्रथमच निबंध वाचणाऱ्या विद्यार्थ्यास केवळ ‘घाबरू नकोस’ असे सांगणे अपुरे ठरते. धडधड थांबण्याची वाट पाहणारा विद्यार्थी अखेर मूकच राहतो. ती सोबत घेऊनच पहिले वाक्य उच्चारण्याची सवय अध्यापकांनी त्यास लावावी.