वेळासची कासवे, गावाची राखण

रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या अंडी घालायला येतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी! पूर्वी त्यांवर माणसे आणि कोल्ही-कुत्री डल्ला मारत.

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये गावकऱ्यांसह संवर्धन सुरू केले. वन विभागाचीही साथ मिळाली. गावातले ‘कासवमित्र’ किनारा पिंजून काढत घरटी शोधतात, अंडी अलगद काढून कुंपण घातलेल्या हॅचरीत पुन्हा वाळूत पुरतात. साधारण ४५ ते ६० दिवसांत पिल्ले बाहेर येतात आणि समुद्राकडे धावतात.

हा सोहळा पाहायला येणारे पर्यटक गावातल्या घरांतच उतरतात. राहण्या-जेवणाचे पैसे गावातच राहतात.

पिल्ले पाहताना कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद ठेवावा आणि त्यांना हात लावू नये.