वृक्षवासी घोरपडी : ओळख, संगोपन आणि कायदा

घोरपड हा प्राणी महाराष्ट्राच्या ग्रामीण भागास नवा नाही. माळरानावर, शेताच्या बांधावर, ओढ्याकाठच्या कपारीत ती आढळते आणि चिकाटीचे उदाहरण म्हणून तिचे नाव आजही घेतले जाते. परंतु याच कुळातील काही जाती जवळजवळ सारे आयुष्य झाडांवर कंठतात आणि हिरवा, निळा, पिवळा असे तेजस्वी रंग धारण करतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. या रंगांमुळेच त्यांना हौशी लोकांकडून मागणी आली आणि त्यामुळेच त्यांच्या अस्तित्वाचा प्रश्न उभा राहिला आहे. विदेशी प्राणी पाळण्याची हौस भारतातही मूळ धरू लागली असल्याने या प्राण्यांची शास्त्रीय माहिती व त्यांच्याविषयीचे कायदे समजून घेणे अगत्याचे झाले आहे.

न्यू गिनीचे रहिवासी

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेस असलेले न्यू गिनी हे ग्रीनलंडच्या खालोखाल जगातील सर्वांत मोठे बेट होय. त्याचा पश्चिम भाग इंडोनेशियात, तर पूर्व भाग पापुआ न्यू गिनी या देशात मोडतो. हे बेट व त्याच्या आसपासची लहान बेटे हे वृक्षवासी घोरपडींचे मुख्य निवासस्थान आहे. त्यांपैकी पाचूसारख्या हिरव्या घोरपडीचे शास्त्रीय वर्णन १८३९ मध्ये श्लेगेल या शास्त्रज्ञाने केले. आरू बेटांवरील काळ्या घोरपडीची नोंद १८७४ मध्ये झाली. निळी घोरपड मात्र २००१ मध्ये शास्त्राच्या कक्षेत आली. ती बटांटा या एकाच लहान बेटावरून वर्णिली गेली असून त्या बेटाचे क्षेत्रफळ सुमारे साडेचारशे चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर व मुंबई उपनगर या दोन जिल्ह्यांच्या एकत्रित क्षेत्राहूनही कमी आहे.

या घोरपडींची लांबी साधारणतः पाऊण ते एक मीटर असते. तीत निम्म्याहून अधिक वाटा शेपटीचा असतो. ही शेपटी फांदीला वेढा घालून पकड घेते व पाचव्या पायाप्रमाणे उपयोगी पडते. लांब बोटे, अणकुचीदार नखे आणि सडपातळ शरीर यांमुळे त्या बारीक डहाळीवरूनही सहज फिरतात. नाकतोडे, काडीकिडे व इतर कीटक हे त्यांचे प्रमुख भक्ष्य. झाडाच्या ढोलीत दडलेला किडा पुढचा पाय आत घालून कौशल्याने ओढून काढण्याची काळ्या घोरपडीची क्षमता अभ्यासकांनी नोंदविली असून, सरपटणाऱ्या प्राण्यांना बुद्धी बेताचीच असते या समजुतीस त्यामुळे धक्का बसला आहे.

वाळवीच्या घरातील अंडी

आपल्याकडील घोरपड जमिनीत खड्डा करून किंवा वारुळात अंडी घालते आणि एका वेळी वीस किंवा त्याहूनही अधिक अंडी देऊ शकते. हिरवी घोरपड झाडावर बांधलेल्या वाळवीच्या घरट्याचा आश्रय घेते. अशा घरट्यात उष्णता व ओलावा जवळजवळ स्थिर राहतो. मात्र तिची अंडी एका वेळी सामान्यतः दोन ते पाचच असतात व ती उबण्यास पाच ते सहा महिने लागतात. हा फरक ध्यानात घेण्यासारखा आहे. ज्या प्राण्याची वाढ इतकी मंद, त्याची थोडीशी धरपकडही त्याच्या संख्येस मारक ठरते.

बंदिवासातील अडचणी

वृक्षवासी घोरपड पाळणे म्हणजे पिंजऱ्यात एक लहानसे वर्षावन उभे करणे होय. पिंजरा लांबीपेक्षा उंचीने मोठा, फांद्यांनी व दाट पानोळ्याने भरलेला लागतो. हवेतील आर्द्रता सत्तर ते नव्वद टक्के राखावी लागते आणि त्याकरिता दिवसातून अनेकदा पाण्याची फवारणी करावी लागते. त्याच वेळी हवा खेळती ठेवणेही आवश्यक असते. कोंदट पिंजऱ्यात रोग बळावतात. दिवसाचे तापमान २६ ते ३० अंश सेल्सियसच्या आसपास आणि ऊन घेण्यासाठी त्याहून बरीच उष्ण अशी एक जागा ठेवावी लागते. कीटकांवर कॅल्शियमची भुकटी लावून ते खाऊ घालावे लागतात.

खरी कसोटी माद्यांच्या बाबतीत लागते. अंडी घालण्यास योग्य, उबदार व ओलसर जागा न मिळाल्यास मादी अंडी पोटातच धरून ठेवते आणि त्यातच ती दगावण्याचा संभव असतो. पाणी व आर्द्रता यांची उणीव झाल्यास मूत्रपिंडे निकामी होतात. तज्ज्ञ मनुष्यबळ असलेल्या प्राणिसंग्रहालयांनाही या अडचणी सोडविण्यास दीर्घकाळ प्रयत्न करावे लागले. जर्मनीतील कोलोन व चेक प्रजासत्ताकातील प्लझेन येथील प्राणिसंग्रहालयांतील निळ्या घोरपडीच्या यशस्वी पैदाशीचा वृत्तांत २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा प्रयत्नांतून या प्राण्यांच्या जीवनक्रमाविषयी मोलाचे ज्ञान मिळाले आहे. तथापि, संस्थेने अभ्यासासाठी केलेले संगोपन आणि दिवाणखान्याच्या शोभेसाठी ठेवलेला प्राणी यांत महदंतर आहे.

‘पैदास केलेले’ या शब्दाआड

बाजारात येणारे प्राणी बंदिवासात जन्मलेले असतात, असे विक्रेते सांगतात. या दाव्याची पारख कठीण असते. न्यू गिनीतील हिरव्या अजगराच्या व्यापाराचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. पैदास केंद्रांतील म्हणून इंडोनेशियातून निर्यात होणाऱ्या या अजगरांपैकी सुमारे ऐंशी टक्के प्रत्यक्षात रानातून पकडलेले असल्याचे त्यात आढळले. घोरपडीही त्याच प्रदेशातल्या. म्हणून त्यांच्याबाबतीतही कागदपत्रांवर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या शासनाने तातडीचा आदेश काढून निळ्या घोरपडीस संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत समाविष्ट केले, यावरून परिस्थितीचे गांभीर्य लक्षात यावे.

भारतातील कायदा

जगातील सर्व घोरपडींचा व्यापार ‘साइटिस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियंत्रणाखाली येतो. भारत १९७६ पासून या कराराचा सदस्य आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यामध्ये २०२२ साली दुरुस्ती करण्यात आली व ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आली. करारातील प्राण्यांसाठी अधिनियमास स्वतंत्र चौथी अनुसूची जोडण्यात आली असून, असे जिवंत विदेशी प्राणी बाळगणाऱ्याने त्यांची माहिती देऊन नोंदणी करणे बंधनकारक आहे. त्यासंबंधीचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये जारी झाले आणि ‘परिवेश’ या संगणकीय प्रणालीवर अर्ज करण्याची व्यवस्था करण्यात आली.

भारतात आढळणाऱ्या चारही जातींच्या घोरपडींना याच अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत सर्वोच्च संरक्षण आहे. त्यांची शिकार करणे, त्या पकडून ठेवणे वा त्यांच्या अवयवांची विक्री करणे हा गुन्हा असून, त्यासाठी किमान तीन व कमाल सात वर्षे कारावास आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड अशी शिक्षा होऊ शकते. ‘हाथाजोडी’ नावाची दुर्मीळ मुळी म्हणून विकली जाणारी वस्तू बहुधा घोरपडीच्या नराचे वाळविलेले जननेंद्रिय असते, ही गोष्ट गावोगाव समजावून सांगितली पाहिजे.

शिक्षकांना या विषयात अध्यापनाचे उत्तम साधन लाभू शकते. न्यू गिनीची झाडावरची घोरपड आणि गावशिवारातली घोरपड यांची तुलना करताना परिस्थितीनुसार शरीर कसे घडते, हे विद्यार्थ्यांना सहज उमगेल. त्यासाठी प्राणी पकडून वर्गात आणण्याची गरज नाही. ग्रामपंचायत सदस्यांनी गावाच्या जैवविविधता नोंदवहीत घोरपडीची नोंद होईल हे पाहावे. घोरपड घरात वा विहिरीत शिरल्यास तिला न मारता नजीकच्या वनरक्षकास कळवावे. निळी घोरपड वाचविणे बटांटा बेटाच्या लोकांइतकेच तिची मागणी करणाऱ्यांच्याही हाती आहे. आपल्या बांधावरची घोरपड वाचविणे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे.